वाइन म्हणजे काय? : लांगदॉकची माती, माणसं आणि एका व्याख्येची गोष्ट



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती. 'सर, तत्त्वज्ञानातल्या व्याख्यांनी प्रत्यक्ष जगात कुणाचं काही बिघडतं का? की हा सगळा शब्दांचा खेळ?' प्रश्न चांगला आहे, थोडा खवचटही आहे. आयुष्याची पस्तीस-छत्तीस वर्षं मी मुलांना व्याख्या शिकवत आलो, त्यामुळे तो जरा लागलाही. म्हणून आज त्याचं उत्तर द्यायचं ठरवलं आहे. ते अॅरिस्टॉटलपासून सुरू न करता द्राक्षाच्या मळ्यापासून सुरू करू. फ्रान्सच्या दक्षिणेला एक प्रदेश आहे, तिथे एका व्याख्येसाठी लाखो माणसं रस्त्यावर उतरली आणि काहींनी जीव गमावला. ती व्याख्या होती 'वाइन' या शब्दाची.

आधीच सांगतो, मी काही वाइनचा जाणकार नाही. ग्लास फिरवून वास घेऊन 'यात चेरी आहे, यात चामडं आहे' असं सांगणारे लोक असतात, त्यांच्यातला मी नव्हे. मुलगी काही वर्षं तूलूज शहरात नोकरीला होती, तेव्हा तिच्याकडे दोनदा जाणं झालं आणि हा मुलूख डोळ्यांनी पाहता आला. बाकीचं वाचलेलं.

मुलूख

प्रदेशाचं नाव लांगदॉक. नावातच गंमत आहे. 'लांग' म्हणजे भाषा आणि 'ऑक' म्हणजे 'हो'. मध्ययुगात उत्तर फ्रान्समधले लोक 'हो' म्हणायला 'ऑइल' म्हणत, त्याचंच पुढे 'वी' झालं. दक्षिणेतले लोक 'ऑक' म्हणत. म्हणजे 'जिथे हो ला ऑक म्हणतात तो देश' असं हे नाव. इटालियन कवी दान्तेनेही भाषांची विभागणी याच खुणेने केली होती. हो म्हणायच्या पद्धतीवरून नाव पडलेल्या या प्रदेशाने इतिहासात अनेकदा 'नाही' म्हटलं, हे पुढे दिसेलच.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. भूमध्य समुद्राला तोंड करून बसलेलं एक अर्धवर्तुळाकार नाट्यगृह आहे असं समजा. रंगमंचाच्या जागी समुद्र. त्याच्या काठाने खाऱ्या पाण्याची उथळ सरोवरं, मग सपाट मैदान, आणि मागे चढत जाणाऱ्या पायऱ्यांसारखे डोंगर. उत्तरेला सेवेन आणि 'काळा पर्वत', दक्षिणेला कॉर्बिएरचे उघडे कातळ आणि त्यांच्याही मागे पिरेनीज. उन्हाळा कोरडा आणि कडक. पाऊस पडतो तो बहुतेक शरद ऋतूत, आणि पडतो तेव्हा धो धो पडतो.

आणि वारा! जमिनीवरून समुद्राकडे सुटणाऱ्या वायव्येच्या वाऱ्याला नार्बोनकडे 'सेर्स' म्हणतात. हे नाव रोमन काळापासूनचं आहे. ऑगस्टस बादशहाने या वाऱ्यासाठी देऊळ बांधलं, असं सेनेका लिहून गेला आहे. वाऱ्याला देऊळ कशाला? तर तो घरं मोडतो, पण हवा स्वच्छ ठेवतो. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. नाशिकचा किंवा तासगावचा बागायतदार ढगाळ, दमट हवेला किती घाबरतो! पानांवर ओल राहिली की भुरी आणि डाऊनी आलीच. सेर्स सुटला की पानं सुकतात, औषधं कमी लागतात.

डोंगरउतारावर 'गारीग' नावाचं झुडुपांचं रान असतं. थाइम, रोझमेरी, जुनिपर, खुरटा ओक. उन्हात चालताना पायाखाली चुरडलेल्या पानांचा वास येतो. तिथले लोक म्हणतात, हा वास आमच्या वाइनमध्ये उतरतो. उतरतो का, हा वादाचा विषय. पण त्यांना तो येतो हे खरं, आणि त्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं हेही खरं.

दोन हजार वर्षं, थोडक्यात

इ. स. पूर्व ६००च्या सुमारास ग्रीक व्यापारी मासालियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, वसाहत करून राहिले आणि वेलीची लागवड या किनाऱ्यावर रुजली. इ. स. पूर्व ११८मध्ये रोमनांनी नार्बोन वसवलं. इटलीहून स्पेनला जाणारा 'विया दोमिशिया' हा रस्ताही त्याच काळातला. निवृत्त सैनिकांना जमिनी मिळाल्या, मळे वाढले. इतके वाढले की इ. स. ९२च्या सुमारास दोमिशियन बादशहाने हुकूम काढला, प्रांतांतल्या निम्म्या वेली उपटून टाका. तो पुरता अमलात आला नाही, पण लक्षात ठेवा. 'वेली उपटा' हे वाक्य या प्रदेशाने तिथून पुढे पुन्हा पुन्हा ऐकलं आहे.

मध्ययुगात इथे कॅथर पंथ वाढला. पोपने त्याला पाखंड ठरवलं आणि १२०९मध्ये उत्तरेकडचं सैन्य धर्मयुद्धाच्या नावाखाली खाली उतरलं. २२ जुलैला बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली. पुढच्या वर्षी मिनेर्व गावात सुमारे १४० कॅथरांना जाळलं. आज मिनेर्वच्या आसपासच्या वाइनला 'मिनेर्वोआ' म्हणतात आणि पर्यटक हौसेने ती पितात. या युद्धाच्या शेवटी दक्षिणेचं स्वतंत्रपण गेलं आणि सत्ता पॅरिसकडे सरकली. 'पॅरिस आपलं ऐकत नाही' ही भावना इथे किती जुनी आहे, ते यावरून समजेल.

मठवासी साधूंनीही मळे राखले. वालमान्य नावाचा एक मठ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तो खाजगी मालकीत गेला आणि त्याच्या प्रचंड चर्चचं वाइनचं कोठार झालं. आजही तिथे बाजूच्या कमानींखाली घराएवढी लाकडी पिंपं उभी आहेत. जिथे मूर्ती असायच्या तिथे पिंपं!

आता आमच्या घराण्यातला एक माणूस. आमच्या म्हणजे तत्त्वज्ञांच्या. जॉन लॉक. फुप्फुसांचा त्रास होता म्हणून १६७६च्या सुरुवातीला तो इंग्लंडहून माँपेलिएला येऊन राहिला. हवापालटाला आलेला माणूस एरवी काय करेल? फिरेल, झोपेल. हा शेतकऱ्यांना प्रश्न विचारत हिंडला. वेल किती खोल लावता, छाटणी कधी करता, द्राक्षांच्या जाती किती, तुडवता कशी. पुढे त्याने वेली आणि ऑलिव्ह यांच्या लागवडीवर एक टिपण लिहून आपल्या आश्रयदात्याला, लॉर्ड शाफ्ट्सबरीला दिलं. ते छापलं गेलं थेट १७६६मध्ये, लॉक वारल्यावर बासष्ट वर्षांनी. त्यात तो तक्रार करतो की हे लोक वाइन करताना स्वच्छता पाळत नाहीत, घडांबरोबर कोळीसुद्धा कुंडात जातात!

याच लॉकने पुढे मांडलं की जमिनीला मोल येतं ते मुख्यतः माणसाच्या श्रमाने. हे तो माँपेलिएच्या मळ्यांत शिकला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण मळ्याच्या बांधावर उभं राहून ते वाक्य वाचलं की जास्त कळतं, एवढं मात्र सांगतो.

लॉक तिथे होता तेव्हा एक कालवा खणला जात होता. पिएर-पोल रिके नावाच्या करवसुली अधिकाऱ्याने तूलूजपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा जलमार्ग काढला. १६६६ला मंजुरी, १६८१ला उद्घाटन. रिके १६८०मध्ये गेला, काही महिने आधी. या कालव्याने आणि पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वेने लांगदॉकला गिऱ्हाईक मिळवून दिलं. पॅरिसचा कामगार, उत्तरेतला खाण-मजूर यांना स्वस्त लाल वाइन हवी होती. मैदानातली गव्हाची शेतं गेली, वेली आल्या. एक पीक, एक बाजार. आता बघा काय होतं ते.

किडा

१८६०च्या दशकात रोन नदीच्या काठचे वेल कारण नसताना वाळू लागले. १८६८मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांचे दोन सहकारी मळ्यात गेले. त्यांनी मेलेला वेल न उपटता शेजारचा अजून हिरवा असलेला वेल उपटला. मुळांवर बारीक पिवळे किडे होते. मेलेल्या मुळाला सोडून किडा पुढच्या जिवंत मुळाकडे जातो, म्हणून आधी तो कुणाला सापडत नव्हता. हा फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आलेला.

नुकसान किती? १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४ दशलक्ष हेक्टोलिटर वाइन झाली, म्हणजे ८४० कोटी लिटर. चौदा वर्षांनी ती एक तृतीयांशाच्याही आत आली.

उपाय निघाला तो असा: किडा अमेरिकेचा, तर त्याच्याशी जुळवून घेतलेली मुळंही अमेरिकेचीच घ्या. खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच काडीचं कलम. माँपेलिएच्या कृषी विद्यालयाने यात पुढाकार घेतला. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार 'डॉगरिज'च्या खुंटावर कलम करतात ना? तोही मूळचा टेक्सासकडचाच. आपण तो कमी पाण्यासाठी आणि खारवट जमिनीसाठी वापरतो, त्यांनी किड्यासाठी वापरला. पण खुंट आणि काडी वेगळी ठेवण्याची ती युक्ती एकच.

नकली वाइन

इथे आपली खरी गोष्ट सुरू होते. मधल्या वर्षांत वाइन नव्हती, पण पिणारे होते. मग लोकांनी काय केलं? ग्रीस-तुर्कस्तानातून बेदाणे आणले, पाण्यात भिजवले, आंबवले. एकदा रस काढून झालेल्या चोथ्यावर साखर-पाणी ओतून पुन्हा आंबवलं. रंग घातला. झाली वाइन! शिवाय अल्जीरियातून जहाजं भरून वाइन येऊ लागली. फ्रेंच वसाहत होती ती.

मग कलमी वेली फळाला आल्या. शेतकऱ्याने कर्ज काढून बाग पुन्हा उभी केली होती. मैदानात 'आरामों' नावाची जात लावली होती, ती भरमसाट पिकते, पण वाइन पातळ होते. नवी वाइन बाजारात आली तर बाजार आधीच नकली मालाने भरलेला. त्यात १९०३मध्ये सरकारने साखरेवरचा कर उतरवला. त्याने उत्तरेतले साखर कारखानदार खूश झाले, आणि वाइनमध्ये साखर ढोसणारेही. दुष्काळात तेरावा महिना. भाव कोसळले. मळ्यावरच्या मजुराला काम नाही, मालकाला व्याज भरता येत नाही, गावातल्या पाववाल्याची उधारी थकलेली.

आता नीट ऐका. १८८९मध्येच फ्रान्समध्ये कायदा झाला होता की ताज्या द्राक्षांच्या आंबवणीतून झालेलं पेय सोडून दुसरं काही 'वाइन' म्हणून विकायचं नाही. म्हणजे व्याख्या होती! जाती आणि भेदक लक्षण, दोन्ही ठीक. आंबवलेलं पेय ही जाती. ताजी द्राक्षं हे भेदक लक्षण. माझ्या विद्यार्थ्याने लिहिली असती तर मी पूर्ण मार्क दिले असते. पण कोण किती वाइन करतो हे मोजायला कुणी नव्हतं. शंभर पिंपांची द्राक्षं आणि दोनशे पिंपांची वाइन, हा हिशेब विचारणारा कुणी नव्हता. कागदावर व्याख्या होती, तिचा पहारेकरी नव्हता.

१९०७

आर्जेलिए नावाचं एक लहान गाव. तिथे मार्सेलां आल्बेर नावाचा माणूस कॅफे चालवायचा, थोडी द्राक्षबाग होती. गावात त्याला लोक जरा वेडाच समजत. ११ मार्च १९०७ रोजी हा माणूस ८७ जणांना घेऊन चालत नार्बोनला गेला. वाइनच्या संकटाची चौकशी करायला संसदेची समिती तिथे आली होती, तिला निवेदन दिलं.

त्यानंतर दर रविवारी सभा. आज या गावी, पुढच्या रविवारी त्या गावी. नार्बोन, बेझिए, पेर्पिन्यां, कार्कासोन, नीम. दर रविवारी गर्दी वाढत गेली. ९ जूनला माँपेलिएला पाच लाखांहून अधिक माणसं जमली असा अंदाज आहे. सगळी रात्र कुठे काढणार? तर तिथल्या बिशपने चर्चची दारं उघडून दिली. सभेत राजेशाहीवाले होते, समाजवादी होते, मालक होते, मजूर होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे. मागणी एक: खऱ्या वाइनला वाइन म्हणा, नकलीला म्हणू नका.

नार्बोनचा महापौर डॉ. फेरूल याने राजीनामा दिला, त्याच्यामागे शेकडो गावांच्या महापौरांनी दिला. लोकांनी कर भरणं थांबवलं. पंतप्रधान होता क्लेमांसो. त्याने सैन्य पाठवलं. १९ जूनला फेरूलला अटक झाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नार्बोनमध्ये गोळीबार झाला. पाच-सहा माणसं गेली, त्यात बाजाराला आलेली वीस वर्षांची एक मुलगी होती.

ही बातमी सतराव्या पायदळ पलटणीला कळली. ती बेझिएची पलटण, भरती त्याच मुलखातली, म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरं. नुकतीच तिला आग्दला हलवली होती. सुमारे पाचशे शिपायांनी शस्त्रं उचलली आणि रातोरात वीसेक किलोमीटर चालत बेझिए गाठलं. उगवत्या उन्हात बंदुका उलट्या धरून चौकात बसून राहिले. लोकांनी त्यांना खायला दिलं. आपल्या आईबापांवर गोळी झाडणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. नंतर त्यांना ट्युनिशियात गाफ्साला धाडण्यात आलं.

आणि आल्बेर? तो अटक चुकवून पॅरिसला गेला, २३ जूनला थेट क्लेमांसोला भेटला. क्लेमांसो मुरब्बी. त्याने समजूत घातली, शांतता करायला परत पाठवलं, आणि रेल्वेच्या तिकिटासाठी शंभर फ्रँकची नोट दिली. साध्या माणसाने ती घेतली. क्लेमांसोने ती गोष्ट पत्रकारांना सांगितली. झालं! गावी पोचेपर्यंत आल्बेर 'विकला गेलेला' ठरला होता. त्याने पैसे परत केले, पण नाव परत मिळालं नाही. १९२१मध्ये तो गरिबीत वारला. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं.

पण काम झालं. २९ जून १९०७चा कायदा आला. प्रत्येकाने आपलं पीक आणि साठा जाहीर करायचा, तो गावच्या कचेरीत लागणार, शेजाऱ्याला वाचता येणार. जास्तीच्या साखरेवर कर. ३ सप्टेंबरला वाइनची व्याख्या पुन्हा स्पष्ट केली: केवळ ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या ताज्या रसाच्या आंबवणीतून. भेसळ पकडणारं खातं कामाला लागलं. व्याख्येला पहारेकरी मिळाला.

व्याख्येने न सुटलेला प्रश्न

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धी राहील. भाव पडण्याचं कारण नुसती भेसळ नव्हती. खरी वाइनसुद्धा गरजेपेक्षा जास्त होत होती. 'वाइन म्हणजे काय' याचं उत्तर मिळालं, 'चांगली वाइन कोणती आणि ती किती करायची' याचं नाही. पाणीदार आरामोंची वाइनही कायद्याने शंभर टक्के खरीच. पहिल्या महायुद्धात ती सैनिकांना रोजच्या शिध्यात मिळाली, म्हणून खपली. पण १९६०च्या आसपास फ्रेंच माणूस वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन पीत होता, आज तो निम्मीही पीत नाही. १९७६च्या मार्चमध्ये नार्बोनजवळ पुन्हा गोळीबार झाला. एक द्राक्षवाला आणि एक पोलीस अधिकारी, दोघं गेले.

उत्तरं शोधली गेली ती तीन वाटांनी. पहिली एकीची. बेझिएजवळ मारोसां गावात १९०१मध्येच छोट्या शेतकऱ्यांनी सहकारी वाइनघर काढलं होतं. 'सगळे प्रत्येकासाठी, प्रत्येक जण सगळ्यांसाठी' असं त्याच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेलं आहे. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रातून गेलेला माणूस तिथे जरा जास्तच वेळ उभा राहतो. मी राहिलो. दुसरी वाट जागेची. १९३५पासून फ्रान्समध्ये वाइनला गावाचं नाव लावण्याचे कडक नियम झाले. लांगदॉकमध्ये फितूला १९४८मध्ये, फोजेर आणि सां-शिनियां यांना १९८२मध्ये, कॉर्बिएर आणि मिनेर्वोआला १९८५मध्ये तो मान मिळाला. लोक मैदान सोडून पुन्हा खडकाळ उतारांकडे वळले, कमी पिकवून चांगलं करू लागले. तिसरी वाट जातीची. १९८७पासून 'पेई दॉक' या नावाखाली बाटलीवर द्राक्षाची जात लिहून परदेशात विक्री.

आणि शेवटी पुन्हा तेच जुनं वाक्य: वेली उपटा. अगदी अलीकडे, २०२४-२५मध्ये, बाग कायमची काढणाऱ्याला सरकारने हेक्टरी ४,००० युरो दिले. हिशेबाने ते बरोबरही असेल. पण ऑगस्ट २०२५मध्ये कॉर्बिएरमध्ये वणवा पेटला, सुमारे १६,००० हेक्टरवर पसरला. तेव्हा तिथले लोक सांगू लागले की जिथे नांगरलेली बाग होती तिथे आग अडली, जिथे बाग काढून रान माजलं होतं तिथून ती धावत गेली. म्हणजे वेल वाइनच देत होता असं नाही, गावाभोवती कुंपण बनून उभा होता. हे कुठल्याच व्याख्येत लिहिलेलं नव्हतं.

तर चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्राला माझं उत्तर. व्याख्यांनी जगात बिघडतं आणि सुधारतंही. दूध म्हणजे काय, मध म्हणजे काय, शेतकरी म्हणजे कोण, मजूर म्हणजे कोण, या प्रश्नांवर माणसांची पोटं अवलंबून असतात. पण दोन गोष्टी विसरू नका. व्याख्येला पहारेकरी नसेल तर ती नुसती शाई. आणि पहारेकरी असला, तरी व्याख्या आपल्याला वस्तू काय आहे एवढंच सांगते. ती कुणाकुणाला धरून उभी आहे, हे बांधावर जाऊनच पाहावं लागतं.

लॉकने तेच केलं. कोळी मोजले, पण गेला मळ्यातच.

वेळ झाली. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, खवचट असले तरी चालतील. नमस्कार.